दहा फुटी गल्ली, नव्वदची लेन्स

मोबाइलमधला ‘पॉइंट फाइव्ह’ सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण घडीच्या लाकडी कॅमेऱ्याला वाइड अँगल लेन्स लावून गिरगावातल्या खोताच्या वाडीत रविवार घालवून बघा. गल्ली तीच, अंतर मात्र वेगळंच कळायला लागतं.

तुमच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यात ०.५ असं एक छोटं बटन असतं. ऑफिसच्या टीम लंचला एका टेबलाभोवती दहा जण कोंबून बसलेत, ट्रेकला अख्खा ग्रुप कड्यावर उभा आहे, किंवा वन बीएचकेचा हॉल ऑनलाइन जाहिरातीत ‘स्पेशियस’ दाखवायचाय, की अंगठा आपोआप तिथे जातो. एक टच, आणि भिंती मागे सरकतात. वाइड अँगल म्हणजे आपल्यासाठी एवढंच. बटन दाबा, जास्त मावतं. संपला विषय!

पण हीच गोष्ट पितळ, सागवान, चामडं आणि भरपूर घाम वापरून करणारे काही वेडे लोक अजून शिल्लक आहेत. त्यांच्यापैकी एक माझा दोस्त. आर्किटेक्ट आहे, सोमवार ते शनिवार काचेच्या ऑफिसात काचेच्या इमारती काढतो आणि रविवारी पाठीवर आठ-नऊ किलोंची सॅक टाकून लार्ज फॉरमॅट कॅमेऱ्याने जुन्या इमारतींचे फोटो काढतो. एका क्लिकला पंधरा-वीस मिनिटं. एका फिल्म शीटचा धुण्यासकट खर्च मल्टिप्लेक्सच्या तिकिटाच्या घरात. ‘हे कशासाठी?’ असं मी त्याला विचारलं, तर म्हणाला, ‘रविवारी सकाळी सात वाजता चर्नी रोडला ये. ट्रायपॉड तू उचलायचास.’

त्यानंतरचे माझे तीन रविवार खोताच्या वाडीत गेले.

चालत्या मुंबईतली थांबलेली गल्ली

चर्नी रोड स्टेशनातून बाहेर पडून दहा-बारा मिनिटं चाललात की गिरगावचा जगन्नाथ शंकरशेठ रोड लागतो. बस, टॅक्स्या, साड्यांची दुकानं, फरसाणाचा वास. सेंट तेरेसा चर्चच्या आसपास एका बोळात वळायचं, आणि अक्षरशः वीस पावलांत हॉर्नचा आवाज कमी होतो. उतरत्या कौलांची, एकमजली-दुमजली लाकडी घरं. बाहेरून वर जाणारे जिने. नक्षीदार कठडे. पिवळा, निळा, विटकरी असे रंग. कुठे दारावर क्रॉस, तर कुठे तोरण.

अठराव्या शतकाच्या शेवटी दादोबा वामन खोत यांच्या मालकीची ही जमीन. त्यांनी तुकडे पाडून ती ईस्ट इंडियन कुटुंबांना दिली, त्यांनी पोर्तुगीज वळणाची घरं बांधली आणि नाव मात्र खोतांचंच राहिलं. एकेकाळी इथे ६५ घरं होती असं सांगतात. आज तशी घरं तिशीच्याही आत आली आहेत. बाकीच्यांच्या जागी काय आलं हे बघायला मान वर करावी लागते. मासे खायला लोक लांबून यायचे ती अनंताश्रम खानावळ याच वाडीतली, तीही बंद झाली. इथून चालत जाण्याच्या अंतरावर केशवजी नाईकांची चाळ आहे, जिथे १८९३ मध्ये मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती बसला. म्हणजे इतिहास इथे म्युझियममध्ये नाहीये, तो दोरीवर कपडे वाळत घालतोय!

आता फोटोग्राफरचा प्रॉब्लेम बघा. गल्ली रुंद आहे जेमतेम दहा फूट. घर उंच आहे चोवीस फूट. समोरच्या भिंतीला पाठ लावून उभं राहिलात तरी तुम्ही घरापासून दहाच फुटांवर. एवढ्या जवळून अख्खं घर एका फोटोत घ्यायचं कसं?

नव्वद म्हणजे किती?

दोस्ताचा कॅमेरा एखाद्या जाडजूड डबीसारखा दिसतो. कडी काढली की पुढची फळी खाली उघडते आणि तिच्या रुळांवरून लेन्सची चौकट पुढे सरकते. मागे दुसरी चौकट, तिच्यात दुधी काच. दोघींच्या मध्ये हार्मोनियमसारखा भाता. बस, एवढाच कॅमेरा. ना बॅटरी, ना स्क्रीन, ना मेनू.

असे कॅमेरे आपल्या देशातही बनायचे बरं का. केरळमधल्या अलप्पुळात के. करुणाकरन यांनी १९४० च्या दशकात सागवान आणि पितळ वापरून ‘वागीश्वरी’ कॅमेरे बनवायला सुरुवात केली आणि देशभरातल्या फोटो स्टुडिओंनी ते वापरले. तुमच्या आजी-आजोबांचा लग्नातला उभा फोटो कदाचित अशाच एखाद्या पेटीतून निघालेला असेल. मुंबईपुरतं बोलायचं तर ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली १८५४ मध्ये. फोटोग्राफीचा शोध जाहीर होऊन तेव्हा पंधराच वर्षं झाली होती! डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघेही त्या काळी फोटोग्राफीच्या नादाला लागले होते. तेव्हा लार्ज फॉरमॅट असा वेगळा शब्दच नव्हता, कारण कॅमेरा म्हणजे लार्जच.

आमच्या कॅमेऱ्यात फिल्म बसते ती ४ बाय ५ इंचांची. एक फोटो, एक शीट. जुन्या रोलच्या ३५ मिलीमीटर कॅमेऱ्याच्या एका फ्रेमपेक्षा साधारण तेरापट मोठी. म्हणून प्रिंट भिंतीएवढी केली तरी कौलं मोजता येतात.

फिल्म एवढी मोठी असली की लेन्सचे आकडे बदलतात. रोलच्या कॅमेऱ्यावर ९० मिलीमीटरची लेन्स म्हणजे टेलिफोटो, पोर्ट्रेटसाठी मस्त. इथे मात्र १५० ही नॉर्मल आणि ९० ही वाइड. ढोबळ हिशेब असा, की लार्ज फॉरमॅटच्या आकड्याला साडेतीनाने भागायचं. नव्वद भागिले साडेतीन, झाले सव्वीस.

आणि इथे खरी गंमत आहे. मोबाइलचा मुख्य कॅमेरा, तुमचा साधा ‘वन एक्स’, तोही साधारण चोवीस-सव्वीसच्या घरातलाच असतो. म्हणजे दोस्ताची एवढी मिरवणारी वाइड अँगल लेन्स जेवढं बघते, तेवढं तर तुमचा खिशातला फोन कायमच बघत असतो!

मग ही सगळी उठाठेव कशाला? मी अगदी हेच विचारलं.

‘मोबाइल वर कर,’ तो म्हणाला. मी केला. फोनच्या स्क्रीनवर घर मागे कलंडलं. दोन्ही बाजूंच्या भिंती वर जाताना एकमेकींकडे झुकायला लागल्या. बिल्डिंगचा फोटो काढताना आपण सगळे हेच करतो, आणि इतकी सवय झालीये की ते खटकतही नाही.

‘आता हे बघ.’ त्याने कॅमेरा जराही न कलवता फक्त लेन्सची चौकट उभ्या रुळावर वर सरकवली. दुधी काचेवर घर हळूहळू फ्रेममध्ये उतरलं. भिंती सरळच्या सरळ, ओळंब्याने लावल्यासारख्या.

याला म्हणतात रायझ. घडीच्या कॅमेऱ्याचा सगळा फण्डा हाच आहे. इथे लेन्स आणि फिल्म एकमेकांना जखडलेल्या नसतात, त्यामुळे मान वर न करता नजर वर नेता येते.

भाता आखडतो तेव्हा

हे इतकं सोपं असतं तर प्रत्येक जण केलं असतं. वाइड लेन्सचं आणि घडीच्या कॅमेऱ्याचं मुळात फारसं पटत नाही. कारण साधं आहे. नव्वदची लेन्स फिल्मपासून साधारण नव्वद मिलीमीटरवर, म्हणजे चारही बोटांच्या रुंदीपेक्षा थोडंच जास्त अंतरावर असावी लागते. दोन चौकटी एकमेकींना जवळजवळ चिकटतात. मधला लांबलचक भाता घट्ट मिटतो, पुठ्ठ्यासारखा कडक होतो आणि लेन्स वर सरकवायला गेलात की तिला परत खाली खेचतो. ज्याच्यासाठी लेन्स घेतली, तेच करता येत नाही!

यावर तीन इलाज. पहिला, भाताच बदलायचा. घड्यांच्या भात्याऐवजी मऊ चामड्याची किंवा कापडाची पिशवी लावायची, तिला बॅग बेलोज म्हणतात. ती चुरगळते, फुगते, हवी तिकडे वळते. पण काही स्वस्त आणि जुन्या घडीच्या कॅमेऱ्यांचा भाता निघतच नाही, त्यामुळे सेकंडहँड कॅमेरा घेताना हा प्रश्न पहिला विचारायचा.

दुसरा, खोलगट लेन्सबोर्ड. म्हणजे लेन्स ज्या पाटीवर बसते ती सपाट न ठेवता वाटीसारखी आत गेलेली. लेन्स आत गेली, की चौकटी थोड्या लांब राहू शकतात आणि भात्याला श्वास घ्यायला जागा मिळते. तोटा एकच. शटरचा स्पीड बदलायला त्या वाटीत बोटं घालताना लहानपणी बरणीच्या तळातला शेवटचा लाडू काढल्याची आठवण होते.

तिसरा इलाज कॅमेऱ्यातच असतो. चौकट वर जाईनाशी झाली, तर अख्खा कॅमेरा आकाशाकडे कलवायचा आणि मग पुढची-मागची दोन्ही चौकटी पुन्हा जमिनीला काटकोनात उभ्या करायच्या. कॅमेरा तिरका, पण लेन्स आणि फिल्म दोन्ही उभ्या. परिणाम रायझसारखाच. लांबून बघणाऱ्याला वाटतं, कॅमेरा मोडला.

आणि चौथी गोष्ट इलाज नाही, सापळा आहे. उघडलेली फळी! लेन्स एवढी मागे असते की पुढे राहिलेली फळी वाइड लेन्सला दिसते, विशेषतः उभा फोटो काढताना. काचेवर सगळं उलटं दिसतं, त्यामुळे फळी फोटोच्या खालच्या भागात यायची ती काचेवर वरच्या काठाला एखाद्या काळ्या ढगासारखी येते आणि सकाळच्या अंधुक उजेडात सहज सुटते. म्हणून फळी खाली पाडायची सोय असते. ती पाडली, की लेन्सची चौकटही पुढे झुकते. तिला पुन्हा सरळ करायचं, लेव्हलची बाटली लावून बघायची आणि मगच पुढे जायचं. रायझ दिला असेल तर नजर तशीही वर गेलेली असते, मग फळीचा त्रास कमी होतो.

काळ्या कापडाखाली

काळ्या कापडात डोकं घातलं की बाहेरचं गिरगाव बंद. आत फक्त तुम्ही आणि दुधी काच. पहिल्यांदा तर काही दिसतच नाही. मग डोळे सरावतात आणि मधोमध एक उजळ गोल दिसतो. त्यात उलटं घर, उलटा जिना, उलटी मांजर.

कोपरे मात्र अंधारातच. ही वाइड लेन्सची खोड आहे. कोपऱ्यापर्यंतचा उजेड तिरका आणि लांबून येतो, त्यामुळे तो मध्यापेक्षा बराच कमी पडतो. निगेटिव्हवरही हेच उतरतं. त्यावर उपाय म्हणून मध्यभागी करडा आणि कडेला पारदर्शक होत जाणारा सेंटर फिल्टर लावतात. तो मधला उजेड कापतो आणि सगळीकडे समान वाटणी करतो. गंमत म्हणजे १९०० साली जर्मनीत निघालेल्या ‘हायपरगॉन’ या अतिवाइड लेन्सच्या समोर चांदणीच्या आकाराचा छोटा पंखा बसवलेला असे. रबरी फुगा दाबून हवेने तो फिरवायचा, म्हणजे मधला उजेड अडायचा. एक्सपोजरच्या शेवटी पंखा बाजूला करायचा. इन्स्टाग्रामच्या फिल्टरचे हे खापरपणजोबा!

फोकसचंही तसंच. अनंतापासून बारा फुटांपर्यंत यायला ही लेन्स जेमतेम सव्वादोन मिलीमीटर सरकते. गुंडी इकडची तिकडे झाली की संपलं. पण एकदा जमलं, की बक्षीस मोठं. एफ २२ वर, बारा फुटांवर फोकस केला तर साधारण सहा फुटांपासून गल्लीच्या टोकापर्यंत सगळं लख्ख.

आणि लेन्स विकत घेताना ‘किती वाइड’ यापेक्षा ‘किती मोठं वर्तुळ’ हे विचारायचं, हा धडा दोस्ताने मला दोनदा दिला. प्रत्येक लेन्स मागे एक प्रकाशाचं वर्तुळ टाकते. फिल्म त्या वर्तुळात बसायला हवी. श्नायडरची जुनी, छोटीशी ‘अँग्युलॉन’ नव्वद एवढी चपटी असते की घडी केली तरी कॅमेऱ्यात राहते. पण तिचं वर्तुळ ४ बाय ५ च्या कोपऱ्यांना जेमतेम शिवतं, लेन्स वर सरकवली की कोपरे काळे. तिच्याच घरातली ‘सुपर अँग्युलॉन’ नव्वद एफ ८ मोठी आहे, प्रवासात काढून वेगळी ठेवावी लागते, पण वर्तुळ २१६ मिलीमीटरचं. उभ्या फोटोत साडेतीन सेंटीमीटरपर्यंत रायझ मिळतो. आमच्या दहा फुटी गल्लीत हेच साडेतीन सेंटीमीटर कामाला आले.

समोरचं अंगण

आम्हाला ज्या घराचा फोटो काढायचा होता, त्या घरातल्या आंटींनी पहिल्या रविवारी आमच्याकडे जिन्यावरूनच बघितलं. ‘अजून किती दिवस मोजमाप चालणार? बिल्डरकडून आलात का?’

ट्रायपॉड, टेप, डोक्यावर कापड. त्यांची शंका अगदीच रास्त होती. मी म्हटलं, ‘नाही आंटी, फोटो काढतोय. अख्ख्या घराचा.’

त्या हसल्या. ‘अख्खं घर येत नाही फोटोत. कधीच नाही आलं.’

मग चहा झाला आणि अल्बम निघाले. बारसं, फर्स्ट कम्युनियन, तीन पिढ्यांची लग्नं. प्रत्येक फोटोत दार आणि खालच्या तीन पायऱ्या. कुणाच्या तरी फोटोत वरचा कठडा, कुणाच्या फोटोत नुसतं कौल. पायरी आणि कौल एकाच फोटोत दिसतील असा एकही फोटो त्या घरात नव्हता. गल्लीच तेवढी, फोटोग्राफर तरी काय करणार?

घर चार चुलत भावंडांच्या नावावर आहे. दोघांना विकायचंय, एक परदेशात आहे, आणि आंटी. ‘त्यांचंही चूक नाही,’ त्या म्हणाल्या. ‘दर पावसाळ्याआधी कौलं चाळायची, वाळवी बघायची, सुतार शोधायचा. आता असा सुतार मिळतो का? पण काय व्हायचं ते होऊ दे. एकदा पूर्ण घर एका कागदावर बघायचंय मला.’

दोस्ताने वहीत हिशेब मांडला. दहा फुटांवरून नव्वदची लेन्स उभ्या फोटोत तेरा फूट उंची घेते. घर चोवीस. जमत नाही. वीस फुटांवरून साडेसव्वीस फूट घेते. हे जमतं. पण कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर सरळ धरला तर त्यातले आठ फूट जमिनीखालचे वाया जातात आणि वरचं कौल कापलं जातं. तीन सेंटीमीटर रायझ दिला, की नजर साडेसहा फूट वर सरकते आणि कौलाच्या टोकाच्या वर आकाशाची एक पट्टीसुद्धा मिळते.

म्हणजे लेन्स आहे, रायझ आहे. हवे आहेत फक्त आणखी दहा फूट मागे.

मागे होतं समोरच्या घराचं अंगण. गुडघ्याएवढा कट्टा, छोटं फाटक आणि फाटकाला कुलूप. घरातले वसईला राहायला गेले त्याला काही वर्षं झाली. कट्टा ओलांडायला अर्धा सेकंद लागला असता. पण आंटींनी बोट वर केलं. ‘थांबा. विचारल्याशिवाय नाही.’ त्यांनी फोन लावला. तब्येत, पाणी, मुलीचं लग्न, वसईचा ट्रॅफिक, सगळं झाल्यावर विषय निघाला. चावी दोन घरं सोडून एका काकांकडे होती. काकांनी ती दुसऱ्या रविवारी दिली, कारण पहिल्या रविवारी ते मासे आणायला गेले होते!

मला वाटतं, या लेन्सबद्दल मला काही कळलं असेल तर ते इथे. मोबाइलवर ०.५ दाबलं की जागा आपोआप मिळते, कुणाला काही विचारावं लागत नाही. या कॅमेऱ्यात जागा मागून घ्यावी लागते. वीस मिनिटं कुणाच्या तरी दारात ट्रायपॉड ठेवून लपता येत नाही. लोक येतात, विचारतात, कापडाखाली डोकं घालून बघतात, ‘उलटं दिसतंय’ म्हणून सांगतात. वाडीतल्या काही घरांवर फोटो काढू नका अशा पाट्या आहेत, आणि रोज कुणीतरी आपल्या जिन्यावर बसून पोज देत असेल तर तुम्ही-आम्हीही लावली असती.

गल्ली एवढी मोठी कुठेय?

तिसऱ्या रविवारी सकाळी सव्वासातला ढगाळ उजेड होता. कॅमेरा अंगणाच्या मागच्या टोकाला, फाटक सताड उघडं. भात्याच्या जागी पिशवी, लेन्स तीन सेंटीमीटर वर, एफ २२, अर्धा सेकंद. आंटी पायरीवर बसल्या. ‘हलू नका’ सांगायची गरज पडली नाही. मागून दूधवाला गेला, तो निगेटिव्हवर नुसता धुरासारखा उमटलाय.

दोस्ताने त्याच दिवशी गल्लीचेही दोन फोटो काढले. एक नव्वदने, तोंडाशी उभं राहून. दुसरा दीडशेने, बरंच मागे जाऊन. प्रिंट घेऊन गेलो तेव्हा आंटींनी आधी घराचा फोटो खूप वेळ बघितला. काही बोलल्या नाहीत. पायरीवरून कौलापर्यंत एकदा बोट फिरवलं, बस. मग गल्लीचा नव्वदवाला फोटो उचलला.

‘ही आमची गल्ली नाही. एवढी मोठी कुठेय? दोन स्कूटर समोरासमोर आल्या की एकीला थांबावं लागतं. बिल्डरच्या पुस्तकात असते तशी दिसते ही.’

दीडशेचा फोटो बघून म्हणाल्या, ‘हां. ही.’

बरोबर होतं त्यांचं. वाइड लेन्स लावून जवळ गेलात की जवळचं आणखी मोठं आणि लांबचं आणखी लांब दिसतं. खोटं लेन्स बोलत नाही, ते ठरतं आपण कुठे उभे राहतो त्यावर. फ्लॅटच्या जाहिरातीतला हॉल असाच मोठा होतो आणि ताबा घेताना असाच लहान. म्हणून दोस्ताचा नियम आहे, की मागे जायला जागा असेल तर मागे जायचं. वाइड लावायची ती जागा नसेल तेव्हाच. जास्त दाखवायची हौस म्हणून नाही, पूर्ण दाखवायची गरज म्हणून.

त्या घराचं पुढे काय होणार हे अजून ठरलेलं नाही. चार सह्या लागतात, झाल्यात दोन. फोटोच्या चार प्रिंट मात्र आंटींनी मागून घेतल्या, प्रत्येक भावंडाला एक. परदेशातल्या भावाची प्रिंट कुरियरने गेली. ‘सही करायची तर हे बघून कर म्हणावं,’ त्या म्हणाल्या.

जायचं असेल तर…

कसं जाल : पश्चिम रेल्वेने चर्नी रोडला उतरून चालत. किंवा मेट्रोच्या ॲक्वा लाइनने गिरगाव स्टेशन, हा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला.

कधी जाल : रविवारी सकाळी सात ते नऊ. ढग असतील तर उत्तम. अरुंद गल्लीत ऊन आलं की अर्धी भिंत पांढरी आणि अर्धी काळी.

काय खाल : वाडीतल्याच आयडियल वेफर्समधून वेफर्सचं पाकीट. भूक जास्त असेल तर ठाकूरद्वारच्या बाजूला विनय हेल्थ होमची मिसळ.

कॅमेरा नसेल तर : मोबाइल चालेल. फक्त ०.५ दाबण्याआधी मागे वळून बघा, दोन पावलं सरकायला जागा आहे का. फोन उभा आणि सरळ धरा, वर कलवू नका, आणि खालची जास्तीची जमीन नंतर कापून टाका. गरिबांचा रायझ!

आणि सर्वांत महत्त्वाचं : ही लोकांची घरं आहेत. मागे सरकायला कुणाचं अंगण लागणार असेल, तर आधी विचारा. चावी बहुतेक दोन घरं सोडून असते.